मोसंबीचा रस आणि माझ्या किडन्या

"पोटॅशियम फार वाढलंय," ईसीजीचा कागद बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी काय खाता-पिता?"

मी ठणकावून सांगितलं, "सगळं चांगलंच खाते. रोज दोन वेळा तांब्याभर मोसंबीचा रस पिते."

"तो आजपासून बंद. तुमच्या किडन्या कमजोर झाल्यात."

मला त्या बाईंचा रागच आला. रस पिऊन कुणी दवाखान्यात येतं का?

जुन्या जालन्यात मी साड्यांना फॉल-पिको करते. मशीनचं पायडल दाबताना पायातली ताकद जायला लागली, तेव्हा मला वाटलं अशक्तपणा आहे. म्हणून रस वाढवला. मग एके सकाळी खुर्चीतून उठताच येईना, तेव्हा आमच्या ह्यांनी रिक्षात घालून आणलं.

मोसंबी माझ्या धाकट्या भावाची, विष्णूची. त्याची टेंभुर्णीला बाग आहे. मला बीपी झाल्यापासून तो दर आठवड्याला पिशवी भरून आणायचा. मोबाइलवर त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. "अक्का, याच्यात अँटिऑक्सिडंट अस्तेत. आंगातला सगळा कचरा काढतेत. बिलकुल नागा करू नको." तो एवढ्या मायेनं आणायचा, मी कशाला नागा करते?

वॉर्डात सलाईन लागलं, छातीला तारा लावल्या. पोटॅशियम उतरावं म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. नाही उतरलं तर डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त साफ करायचं.

डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसून नीट समजावलं. शरीर अन्नातून ताकद काढतं तेव्हा फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात. ते फार झाले की पेशींना इजा करतात. फळं-भाज्यांतले अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, मोसंबीतलं सी व्हिटॅमिन त्यातलंच. म्हणजे विष्णू अगदीच खोटं बोलत नव्हता. पण त्याच रसात पोटॅशियमही असतं. धड किडनी जास्तीचं लघवीवाटे टाकून देते. माझ्या किडन्यांना ते जमेना, म्हणून ते रक्तात साठलं.

"साठलं तर काय होतं?"

"हृदय बंद पडू शकतं."

मग मात्र मी घाबरले.

रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होतो, तेवढ्यात विष्णू आला. हातात मोसंबीची पिशवी. सिस्टरनं ती दाराशीच ठेवून घेतली आणि कारण सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी मीच अक्काला..."

"येडा हायेस का?" मी म्हणाले. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, किडन्या बीपीनं खराब झाल्यात, आणि बीपीच्या एका गोळीनंही पोटॅशियम वाढतं. ती गोळी त्यांनी बदलली. पण त्याला ते कुठं ऐकू जातंय. पिशवी उचलून तो निघून गेला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पोटॅशियम उतरलं होतं. डायलिसिस टळलं. मी ब्लँकेटमध्ये तोंड घालून रडले.

आता भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी फेकते. सफरचंदाची एखादी फोड खाते, रसाला हात लावत नाही. तुमच्या किडन्या धड असतील तर खुशाल मोसंबी खा, चांगलीच आहे. पण बीपी किंवा शुगर असेल तर आधी क्रिएटिनिन तपासा. किडनी किती काम करते ते या रक्ताच्या तपासणीत कळतं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिऑक्सिडंटच्या नावानं काहीही रोज ढोसू नका.

घरी आले, पण विष्णू येईना. फोनही उचलीना. शेवटी भावजयीला गाठलं. ती म्हणाली, "रस तर चालत न्हाई, मंग बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं कसं जावं म्हणतेत."

माझं डोकंच फिरलं. "दे त्याला फोन," म्हणाले. त्यानं घेतला.

"विष्णू, मी मेले असते तर माहेरची साडी घिऊन पळत आला असतास. जिती हाये, तर ये की मोकळ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा होता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मी मशीन थांबवलं आणि त्याला माझ्याजवळ बसवून घेतलं.