आमची काळूबाय

बायांनो, घरी आल्याआल्या लिहायला बसलेय.

आज डिचोलीच्या बाजारात माझी सानू हरवली. अडीच वर्षांची आहे. मी मिरच्या निवडत होते, सासू शेजारी नारळ बघत होती. वळून बघितलं तर पोर नाही.

मी ज्याला त्याला विचारत सुटले. एका मासेवालीने विचारलं, "कसा दिसता गे चेडू?"

माझ्या तोंडातून आलं, "गोरी आहे, पिवळा फ्रॉक." सवयच झालीय तसं सांगायची. सानू माझ्यासारखीच काळी आहे. ती बाई बिचारी गोरं पोर शोधत राहिली.

सासू तिला लाडाने काळूबाय म्हणते. त्यावरून कालच मी भांडले होते, पोरीच्या मनात बसेल म्हणून.

आज तीच सासू बाजाराच्या मधोमध उभी राहून ओरडली, "काळूबाय गे, खंय आसस?"

पाववाल्याच्या टोपलीमागून आवाज आला, "हंय आसा, आजी." सानूबाई तिथे उंडो पाव खात बसलेली.

सासूने तिला उचलून मुके घेतले. मग मला म्हणाली, "हरवली तरी गोरीच सांगलंस गे?"

घरी येताना मी पण पहिल्यांदाच काळूबाय म्हणून हाक मारली. लगेच ओ दिली तिने, हसून.

आता भीती एकच. उद्या शाळेत कोणी हाच शब्द चिडवायला म्हटला, तर तिथेही ती अशीच ओ देईल का? तिला काय शिकवू, सांगा.