ब्राझीलचा नकाशा

संघप्रियाला कुणी विचारलं, बाई गं, तुझं दुखतंय तरी काय, तर ती म्हणायची, "टाचेपासनं मानेपर्यंत जे जे हाय ते सगळंच." अठरा वर्षं ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत उभी होती. पंचतारांकित म्हणे! बसायला साधं स्टूल नाही. लोखंडी नग तपासायचा, चांगला असला की दोऱ्यानं टॅग बांधायचा आणि पुढं सरकवायचा. असे दिवसाला सहाशे नग. खुर्ची फक्त लाइन लीडरला, आणि लीडर व्हायचं तर दहावी पास पाहिजे. यंदा ऑगस्टात ती जागा भरायची होती.

ही नववीतनंच लग्न होऊन गडमुडशिंगीला आलेली. अडतिसाव्या वर्षी तिनं बाहेरनं दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मराठी सुटलं, गणितसुद्धा सुटलं, पण सामाजिक शास्त्रांत भूगोलानं खाल्लं. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या खेपेला तर तीन मार्कांनी! दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आणून बसवलाय. भारताचं एक वेळ डोक्यात शिरतं, पण त्या ब्राझीलशी हिचं काय नातं? तिची सासू सोनूबाई विचारायची, "अगं, जायाचं हाय का तुला त्या गावाला?"

"जायाचं न्हाय, आत्ती. पास व्हायचंय."

या खेपेला तिनं मनाशी गाठच बांधली. काही झालं तरी नकाशाचे चार मार्क सोडायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत चार घास घशाखाली घालून ती पुठ्ठ्यावर ब्राझील काढायची. ॲमेझॉन कुठनं वाहते, मॅनॉस कुठं, मराजॉ बेट कुठं. बायका हसायच्या. हसू देत. महिन्याभरात तिचं बोट डोळे झाकून मॅनॉसवर पडायला लागलं.

जुलैत पेपर आला. आदल्या दिवशी डबल शिफ्ट झालेली, अंग नुसतं ठणकत होतं. कागलातल्या एका शाळेत नंबर होता. तिनं नकाशा आधीच भरला, सूची केली, शाई फिसकटू नये म्हणून पॅडच्या मागनं चिमट्यात अडकवला आणि बाकीचा पेपर लिहीत बसली. शेवटी सुपरवायझरनं हाळी दिली, "नकाशा उत्तरपत्रिकेला बांधा!" पण हिची मान पेपरात. घंटा झाली, पेपर दिला, बाहेर पडली. सेकंड शिफ्ट गाठायची होती.

स्टँडवर वडापच्या जीपची वाट बघताना तिनं वारा घ्यायला पॅड उचललं. मागं ब्राझील!

दिवसाला सहाशे गाठी मारणारी बाई, आणि स्वतःची एक गाठ मारायची राहिली. काय म्हणावं या कर्माला?

दुखऱ्या टाचांनी ती पळत शाळेत आली. केंद्र सांभाळणारे बाळासो सर कुलूप लावत होते. तिनं नकाशा पुढं केला. माणूस वाईट नव्हता, पण त्यानं मान हलवली. "गठ्ठा सील झाला, बाई. गाडी गेलीसुद्धा. आता माझ्या हातात काय न्हाय."

"नंबर घातलाय की वो त्याच्यावर."

"असू दे. आता न्हाय घेता येत."

ती पायरीवर मटकन बसली. ऑगस्टची जागा गेली, म्हणजे परत उभंच राहायचं. परत फॉर्म, परत भूगोल. रडायलाही अंगात त्राण लागतं, तेही तिच्याकडं नव्हतं. सरांनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

जरा वेळानं तिनं नकाशा परत वर केला. "सर, बोर्डाचं ऱ्हाऊ दे. तुम्ही तरी तपासा."

"आता तपासून काय होणार?"

"काय न्हाय होणार. पर दोनदा नापास झालोय. मला येतंय का न्हाय, तेच कळंना झालंय. तेवढं सांगा."

सरांचा विषय भूगोलच. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले, चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं. एकेक खूण बघून बरोबरची खूण केली. एका ठिकाणी थांबले, तशी ती कागदावर वाकली. मग तिथंही खूण केली.

"चारपैकी चार," सर म्हणाले.

"खरं?"

"खरंच की. सूचीसुद्धा बरोबर हाय."

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. ओढणी तोंडाला लावून ती म्हणत राहिली, "मला येतंय की वो, सर. येतंय की."