पुच्छभागाचा अध्यक्ष

कोंडाजी गेल्याची बातमी मला पाटकऱ्यानं सांगितली. मी सातवीच्या वर्गावर समास शिकवत होतो. कालव्याचं पाणी सोडणारा-बांधणारा आमच्या भागातला हा पाटकरी, खिडकीशी सायकल टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, नाना गेलं. नगरच्या दवाखान्यात, सकाळच्याला." कावीळ झाली होती, पण इतकी वाढली असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. खडू माझ्या हातात तसाच राहिला. अशा वेळी काय काय वाटलं ते लोक लिहितात. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला मला महिना लागला... आता आमच्या पाण्याच्या मंडळाच्या सभेत पहिला हार मला घालतील. दुसऱ्या क्षणाला स्वतःचीच शिसारी आली, पण पहिला क्षण तो पहिलाच. कोंडाजीशी माझी लहानपणापासूनची दोस्ती होती आणि तेवढाच जुना मत्सरही होता. तो सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल काही खरं लिहिता येणार नाही.

चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो. पहिला नंबर माझा, पण गुरुजी हाक मारायचे त्याला. तो चौथीतून शेतावर गेला, मी शिकून मास्तर होऊन गावातच परत आलो, तेव्हा वाटलं होतं की आता तरी फरक दिसेल. कसला दिसतोय! लोक मला नमस्कार घालायचे आणि बसायला त्याच्या ओट्यावर जायचे. अख्खं गाव त्याला नाना म्हणायचं, माझी बायकोसुद्धा. तो काही विशेष बोलायचा असंही नाही. समोरच्याचं ऐकून घ्यायचा, मधेच "व्हय?" म्हणायचा, आणि त्या "व्हय"मध्ये असं काही असायचं की समोरचा आणखी सांगत सुटायचा. मी आरशासमोर तो "व्हय" म्हणून पाहिला आहे. जमला नाही.

कालवा आमच्या शिवारापर्यंत आला तेव्हा आम्ही नारळ फोडले. कालवा आला, पाणी मात्र आलं नाही. कारण साधं होतं. पाणी वरून येतं आणि वरच्या बाजूला ऊस. ऊसवाले दुष्ट होते असं मी म्हणणार नाही, ते नेहमी हजर असायचे इतकंच. पाटबंधारे खात्याच्या साहेबांची जीप डाकबंगल्यात शिरली की मागोमाग यांची जीप. हार यांचे, जेवण यांचं, साहेबांच्या शेजारची खुर्ची यांच्या वकिलाची. पाण्याची पाळी कुणाला कधी द्यायची ते कागदावर यायच्या आधी पंगतीत ठरून गेलेलं असायचं. आमच्याकडे ना जीप, ना वकील. म्हणून शेवटच्या चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या फाट्यावरच्या, आम्ही पाच गावांनी मंडळ काढलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. शेतावर गेल्यावर अक्षर विसरून ज्याला आता सही जेमतेम येत होती तो कोंडाजी अध्यक्ष झाला आणि मी चिटणीस. राग गिळून मी कामाला लागलो. वर्षभरात नऊ निवेदनं लिहिली. शाई निळी-काळी, समास पक्का, एक काना-मात्रा चुकायची नाही. प्रत्येक निवेदन पाठवण्याआधी कोंडाजी मला ते वाचायला लावायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "लई भारी लिवतोस मास्तर. पुना एकदा वाच." मला ते कौतुक वाटायचं. तेवढं एक त्याच्याकडे नव्हतं ना!

कालव्याच्या शेवटच्या टोकाला खात्यातले लोक 'टेल' म्हणत, आणि त्यावरून गावातले सगळे 'टेलवाले'. मला इंग्रजी शब्द खपत नाही. सरकार मराठीत चालायला लागलं आहे तर आपण नीट मराठी लिहावं, या हट्टानं मी टेलचं केलं 'पुच्छभाग'. आठ निवेदनांवर उत्तर आलं नाही. नववं घेऊन आम्ही डाकबंगल्याच्या ओसरीवर बसलो, कारण खात्याचे मोठे इंजिनिअर आले होते. आत ऊसवाल्यांचं जेवण आटोपलं, साहेब पान चघळत बाहेर आले, आणि मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "कालव्याच्या पुच्छभागातील आम्ही समस्त कृषीवल..." पुढं जाताच आलं नाही. आधी कारकून फसकन हसला, मग वकील, मग साहेब. कुणीतरी मागून म्हणालं, "वानरसेना आली वाटतं." माझे कान तापले.

तेव्हा कोंडाजी उठला. त्याच्या लग्नातला काळा कोट त्यानं घातला होता, साहेबाकडे जायचं म्हणून. तोही हसत होता. म्हणाला, "हसा सायेब, खुशाल हसा. मास्तरनं खरंच लिवलंय. आमी शेपटाचीच मानसं. पन एक सांगा, बैल बसला तर तुमी काय करता? त्वांडाला पेंड लावता का शेपूट पिळता?" साहेब म्हणाले, "शेपूट पिळतात." "मग कालव्याला वरल्या अंगानं लई पेंड चारून झाली. आता एकदा शेपूट पिळून बघा. आदी आमच्या चारीला पानी द्या, मग वर वर सरकत जावा. वरल्यांचं पानी कुटं जातंय? त्यांच्या दारावरूनच तर यायचं हाय." साहेबांचं हसू ओसरलं. त्यांनी वकिलाकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीप आमच्या चारीवरच्या पाणी सोडायच्या शेवटच्या दारापाशी आली, आणि तिथल्या काळ्या धोंड्यावर कोंडाजीच्या शेजारी बसून त्यांनी कोरडी चारी पाहिली. त्या हंगामापुरता हुकूम निघाला, पाळी खालून वर. ऊसवाल्यांनी दोनदा मुंबई गाठली, तरी हंगामभर तो टिकला, आणि पुढंही तसाच चालू राहिला.

पंचक्रोशीत त्याला 'नानाचा शेपटाचा कायदा' असं नाव पडलं. आता सांगा, पुच्छ शब्द कुणाचा? शब्द माझा, पिळला त्यानं. मी हे दोघा-तिघांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर ते माझ्याकडे दयेनं पाहायला लागले. पाणी सुटलं की कोंडाजी त्या धोंड्यावर जाऊन बसायचा. पाण्याचं पहिलं बोट आलं की तळवा खाली घालून बघायचा आणि उठून आरोळी द्यायचा, "आऽऽलं!" ती हाक दोन शिवारं ओलांडून जायची. हातातलं टाकून लोक फावडी घेऊन पळत सुटायचे. त्या पाण्यावर माझ्याही रानात गहू आला. पोळ्या लाटताना बायको म्हणायची, "नाना होते म्हणून." आणि तो घास मला कोरडा लागायचा.

मग बहात्तरचं साल आलं. पाऊस नाही, धरणात पाणी थोडं, आणि खालून वर हा नियम कायम करायचा की मोडायचा हे ठरवायला नगरला समितीची बैठक लागली. मंडळाला एक सरकारी पोस्टकार्ड आलं, आपल्या एका प्रतिनिधीचं नाव कळवावं. कार्ड चिटणिसाच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडे. खरं तर सभा बोलवायला हवी होती. मी बोलावली नाही. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बसलो आणि वळणदार अक्षरात माझं नाव लिहून टाकलं. मनाशी म्हटलं, तिथं कागदपत्रं असणार, इंग्रजी असणार, कोंडाजीला काय कळणार? पण हात का चालला ते हाताला ठाऊक होतं. कोंडाजीला सांगितलं, "समितीनं मलाच नावानं बोलावलंय." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "बेस झालं. तितं लिवनारा मानूसच पायजे." निघायच्या सकाळी एसटीच्या थांब्यावर आला आणि काळा कोट माझ्या अंगावर चढवला. "नगरला गारठा आसतो. आन सायबाफुडं कोट बरा दिसतो." बाह्या माझ्या बोटांपर्यंत आल्या.

बैठकीत मी अकरा पानं वाचली. मधे कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "फार सुंदर लिहिलंय, फाइलला लावून घ्या." मला धन्य वाटलं. मग ऊसवाल्यांचा वकील उठला, अगदी नम्रपणे. "गुरुजी, एकच विचारतो. अशा दुष्काळात उभा ऊस वाचवायचा, की मोकळं रान भिजवायचं?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. टेबलाच्या पलीकडे तेच मोठे इंजिनिअर होते. ते माझ्या कोटाकडे पाहत होते. "हा कोट ओळखीचा वाटतो," ते म्हणाले. "तुमचे नाना नाही आले?" मी म्हणालो, "त्यांना बरं नव्हतं." आणि वकिलाचं उत्तर शोधायला सहावं पान उलटलं, मग सातवं... तोवर पुढचा विषय निघाला. खालून वरचा नियम पुढील आदेशापर्यंत स्थगित झाला. तो पुढील आदेश अजून यायचा आहे.

परतीच्या एसटीतून उतरलो तर कोंडाजी थांब्यावर उभा. मी काही बोलायच्या आत त्यानं कोट उतरवून घेतला. म्हणाला, "उसाचं म्हनले आसतील. उभा ऊस वाचवा म्हून." मी मान हलवली. मला राहवलं नाही, मी विचारलं, "तू काय सांगितलं असतंस?" त्यानं कोटाची घडी घातली. "दुसरं काय सांगनार? म्हनलो आसतो, रान न्हाई भिजत सायेब, चारीला पानी आलं की आमच्या प्यायच्या हिरी पाझरत्यात. उसाला द्या, पन आदी प्यायला द्या." एवढंच. माझ्या अकरा पानांत न्याय होता, हक्क होता, पुच्छभाग सात ठिकाणी होता. विहीर नव्हती. चारी आटली की गावची विहीर आटते हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, आणि मला ते लिहायला सुचलं नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. पाच गावांच्या बायका दोन कोसांवरून हंडे वाहत होत्या. त्यात माझी बायको होती आणि कोंडाजीची पारूवहिनीही. कोंडाजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. मला पगार होता, मी शाळेत जायचो. वाटेत भेटलो की तो हात वर करायचा, नेहमीसारखा. त्यानं एकदा जरी मला शिवी दिली असती तर मला तो थोडा कमी आवडला असता आणि बरं वाटलं असतं. नगरला मी खोटं बोलून गेलो हे त्याला कळलंच नाही, या समाधानावर मी दोन वर्षं काढली.

कोंडाजीच्या तेराव्याच्या जेवणाला टपालवाला माझ्या शेजारी बसला होता. जुन्या आठवणी निघाल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो कार्डं वाटेतच वाचून दाखवतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तो सहज बोलून गेला, "ते नगरचं कार्ड मी आदी नानांनाच वाचून दावलं हुतं. मंडळाचं हुतं ना, आन अध्यक्ष तेच. म्हनलं, नाना, तुमी जाल न्हवं? तर म्हनले, मास्तरला दे. त्याची लई इच्छा हाय. त्याला जाऊ दे." पत्रावळीवरचा बुंदीचा लाडू मी फोडला आणि तसाच ठेवला. म्हणजे थांब्यावर कोट घालताना त्याला माहीत होतं. कार्डावर फक्त एक नाव मागितलं होतं हेही माहीत होतं. मला वाटलं होतं, आयुष्यात निदान एक गोष्ट मी त्याच्याकडून हिसकावून घेतली. तीही त्यानं दिलेलीच निघाली... खरं सांगतो, त्या पंगतीत मला त्याचा आला तितका राग कधीच आला नव्हता. आणि तो चुकलाही. माझी इच्छा राखायला त्यानं पाच गावांचं पाणी पणाला लावायला नको होतं. हे त्याला तोंडावर सांगायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि आता तोंडही उरलं नाही.

परवा तो गेल्यानंतरची पहिली पाळी आली. वरच्यांचं भिजवून झाल्यावर उरलेलं पाणी, आता पुन्हा तसंच येतं. शाळा सुटल्यावर मी चारीच्या शेवटच्या दाराशी गेलो. धोंड्यावर बसलो नाही, शेजारी बांधावर बसलो. बऱ्याच वेळानं पालापाचोळा ढकलत पाण्याचं बोट आलं. मी तळवा खाली घातला. गार होतं. रानात सगळे पाठमोरे वाकलेले, कुणाला काही कळलेलं नाही, आणि हाक द्यायला कुणी नाही. मी उभा राहिलो आणि जीव खाऊन ओरडलो, "आऽऽलं!" माणसं दचकून उठली, फावडी घेऊन धावली. चारीच्या कडेलाच कोंडाजीचं घर आहे. तिथून पारूवहिनी अनवाणी बाहेर आल्या, पार बांधापर्यंत पळत आल्या, आणि मला पाहून थांबल्या.

"मला वाटलं, ह्येच," त्या म्हणाल्या.

मग पदर सावरून परत फिरल्या. लहानपणापासून मला जे हवं होतं ते इतकंच होतं, कुणीतरी मला कोंडाजी समजावं. तेवढं मिळालं, एका हाकेपुरतं, आणि त्या बाईची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मला मान वर करता आली नाही.