आक्काच्या मनाचा पेपर

इंटरनेटवर चार प्रश्नांवर क्लिक करून मनाचा आजार ओळखता येतो, असं कुणी सांगितलं की माझं डोकं आजही सणकतं. हा शहाणपणा मी जवळून बघितलाय. दोन हजार सालानंतर कोल्हापुरात गल्लोगल्ली नेट कॅफे निघाले, तेव्हाची गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची आक्का, हुपरीला चांदीची पैंजणं करणाऱ्या घरात दिलेली. बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली. तिला डॉक्टरला दाखवा म्हणून मी दाजींच्या मागे लागले, तर कोल्हापुरात माल द्यायला आले तेव्हा ते मलाच कॅफेत घेऊन गेले. "आधी ह्याच्यावर बघू की. फुकटात हुतंय."

प्रश्न इंग्रजीत. मी मराठीत सांगायचं आणि आक्काच्या वतीनं दाजींनी उत्तर द्यायचं. परीक्षा बायकोच्या मनाची आणि पेपर लिहिणार नवरा!

पहाटे लवकर जाग येते का? "सुनंनं पहाटं उठायचंच असतंय. त्यो कसला आजार?" म्हणजे नाही. जेवणावरची वासना उडालीय का? "उपास करतीया. देवाधर्माचं हाय ते." हेही नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा वाटतात का? इथं मात्र दाजी अडले. "तिला काय आवडायचं गं?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच ठरवून टाकलं, "सगळंच आवडतंय की तिला."

शेवटी पडद्यावर पिवळा हसरा चेहरा आला. तुमचं मन निरोगी आहे म्हणे. कुणाचं, हे त्या गाढव यंत्राला ठाऊक नव्हतं. दाजींनी तिथूनच सगळ्यांना फोन लावले. आमची आईसुद्धा मला म्हणाली, "कंप्युटरनं सांगितलंय न्हवं? मग गप बस."

मी गप बसले नाही. आक्काला माहेरी आणलं आणि सरळ मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाजी मागोमाग आलेच. झोप लागते का, असं बाईंनी आक्काला विचारलं. "लागतीया की," दाजी म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आक्का म्हणाली, "बरं हाय सगळं." बाई नुसत्या बसून राहिल्या. कॅफेतल्या यंत्राला हे सात जन्मांत जमलं नसतं. त्याला उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न.

बऱ्याच वेळानं आक्का खाली बघत बोलली. "बाळाला अंघुळ घालताना मला माझ्याच हातांचं भ्या वाटतंय."

दाजी उठून उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. मला त्यांची दया आली नाही.