कारण काहीही असो

तो नियम मी लिहिला होता. समितीने तो मंजूर केला, सह्या सगळ्यांनी केल्या, पण शब्द माझे. तेव्हा मी चामराजपुरममधल्या एका छोट्या खासगी शाळेत खेळाची शिक्षिका होते, आणि म्हैसुरातल्या नऊ खासगी शाळांनी मिळून चालवलेल्या क्रीडासंघाची चिटणीसही. संघाच्या स्पर्धा दरवर्षी व्हायच्या आणि मुलींच्या खो-खोचा करंडक दरवर्षी एकच शाळा न्यायची. ती येलवालच्या रस्त्यावरची, वसतिगृहाची, तीन मैदानांची शाळा. आमच्याकडे शाळेमागच्या मोकळ्या जागेत दोन खांब होते, त्यातला एक कललेला.

हरण्याचं वाईट वाटायचंच, पण खरा संताप यायचा तो जूनमध्ये. दोन-तीन वर्षं घासून तयार केलेली मुलगी दाखला मागायला यायची आणि पंधरा दिवसांत त्या शाळेच्या गणवेशात दिसायची. विचारलं की तिकडचे खेळाचे सर हसत हसत कारण सांगायचे. कधी वडिलांची बदली, कधी घर लांब पडतं, कधी आणखी काही. माझा पारा चढायला तसाही वेळ लागत नाही. मी समितीपुढे नियम मांडला: संघातल्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलीला एक वर्ष खेळता येणार नाही. आणि त्यात एक मेख मारली, ‘यावुदे कारणविद्दरू’. म्हणजे कारण काहीही असो. कन्नडात ते शब्द फार ठणठणीत वाजले. लहान शाळांच्या शिक्षकांनी बाकं वाजवली आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

त्याच उन्हाळ्यात आमची कर्णधार नववी पास झाली. तिचे वडील शिंपी. घरात आमच्यासारखंच मराठी, निम्मं कन्नड मिसळलेलं. इतर मुली असल्या की ती माझ्याशी कन्नडात बोलायची, एकटी असली की मराठीत. सहलीला तलकाडला गेलो होतो तेव्हा बाकीच्या मुली वाळूत पाय रुतून पडत होत्या, आणि ही हुलकावणी देऊन अशी वळायची की जणू घरातल्या फरशीवर चालली आहे. अख्खा डाव ती नाबाद राहायची. मला ती फार आवडायची, हे इथे कबूल करते.

वडिलांची नजर अधू झाली आणि दुकान बंद पडलं. मे महिन्यात आईला येलवालच्या रस्त्यावरच्या त्याच शाळेत शिवणाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. तिथल्या शिक्षकांची मुलं तिथेच शिकत. जूनमध्ये आई दाखला न्यायला आली, तेव्हा ‘ही पण गेली’ एवढंच माझ्या मनात आलं. मुलगी आता दहावीत होती, शाळेतलं शेवटचं वर्ष. जिल्ह्याचा संघ आमच्या स्पर्धेतूनच निवडला जाई. माझ्या नियमातलं एक वर्ष म्हणजे तिचा सगळा खेळ होता.

तिकडच्या सरांनी तिला सूट मिळावी म्हणून अर्ज केला. बैठकीच्या आधीच्या रविवारी सकाळी आई माझ्या घरी आली. चहा नको म्हणाली, खुर्चीच्या कडेवर बसली.

“मिस, पोरीला खेळू द्या नाहीतर नका देऊ, ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “पण मला माझं शिवण बघून घेतलंय, पोरीला बघून न्हवं. मीटिंगमध्ये तेवढं सांगा, अष्टे, एवढंच.”

तिचं शिवण मला चांगलं माहीत होतं. आमच्या संघाच्या चड्ड्या तीच शिवायची. मुलींनी सूर मारला की बाजारच्या चड्ड्या उसवायच्या, तिच्या कधी उसवल्या नाहीत. मी सांगते म्हणाले.

त्या शाळेने तिला शिवणासाठी घेतलं की मुलीसाठी, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांना शिवणाच्या बाई हव्या होत्या आणि धावणारी मुलगीही हवी होती. पण शपथेवर सांगण्याइतकं एक मला माहीत होतं, की तो हात नोकरीच्या लायकीचा होता.

बैठकीत अध्यक्षांनी अर्ज वाचला. ते एका शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक, सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, तुम्ही या घराला ओळखता, कारण खरं आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. येलवालच्या शाळेच्या कसलेल्या मुली दहावी होऊन गेल्या होत्या, तिच्याशिवाय त्यांचा संघ लंगडा होता. यंदाचा अंतिम सामना मला समोर दिसत होता.

“नियमात कारण विचारायची सोयच नाही, सर,” मी म्हणाले.

अर्ज दोन मिनिटांत फेटाळला गेला. आईच्या शिवणाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. घरी येताना मी स्वतःला सांगत राहिले की एकीला सूट दिली तर उद्या दहा जणी येतील. ते खरंही होतं, म्हणूनच त्याच्याआड लपायला मला सोपं गेलं.

अंतिम सामना त्यांच्याच मैदानावर झाला आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो. आमच्या मुली नाचत होत्या. तेवढ्यात ती पायऱ्यांवरून धावत आली, दुसऱ्या शाळेच्या गणवेशात, आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

“मिस, आपण जिंकलो अल्वा, जिंकलो ना!” ती म्हणाली.

कन्नडात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना एकच ‘नावु’; तसं म्हणाली असती तर त्यात ती मला धरते आहे की नाही, हे मला माझ्या सोयीने ठरवता आलं असतं. मराठीत ती सोय नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून आई आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“आपण न्हवं गं,” ती मुलीला म्हणाली. “त्या जिंकल्या.”

मुलगी आधी आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. बैठकीतलं माझं वाक्य तिकडच्या खेळाच्या सरांनी आईला सांगितलं असणार. आईने ते इतके महिने मुलीपर्यंत पोचू दिलं नव्हतं, हे मला मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिने माझे हात सोडले.