तिच्या फरसबीला माझा हात

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांकडे संशोधनासाठी एकच जागा होती आणि ती हवी असणाऱ्या आम्ही दोघी. ती शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतली, दांडिया बाजारातली. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, हे सांगायला न विसरणारी. मी कोयलीच्या रिफायनरीतल्या फिटरची मुलगी. जागा हुकली तर मला गोरव्याच्या एखाद्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसावं लागणार होतं. त्या दिवसांत जो तो तेच शिकत होता आणि घरच्यांनी क्लासची चौकशीही करून ठेवली होती. तिला कसलीच घाई नव्हती. तिचा तो निवांतपणाच मला बघवायचा नाही.

प्रयोग दोघींचा सारखाच होता. दहा कुंड्यांतल्या फरसबीला साधं पाणी, दहांना मिठाचं. खारं पाणी लागलं की मुळांच्या पेशी वर निरोप धाडतात, पानं आपली छिद्रं मिटून घेतात, वाढ मंदावते. ती किती मंदावते ते मोजायचं. आठवड्यातून एकदाच, रोपाला न शिवता, हा सरांचा नियम होता. माझ्या रोपांपुरता मी तो काटेकोर पाळला.

तिची रोपं मात्र मी रोज मोजायची. रिफायनरी कॉलनीची बस मला साडेसातलाच सोडायची, बाईसाहेब दहाला उगवायच्या. साध्या पाण्यावरची तिची रोपं माझ्या रोपांहून उंच होती, आणि त्या बोटभर उंचीपायी मला अन्न गोड लागत नव्हतं. एकेक देठ चिमटीत धरून सरळ करायचा, पट्टी लावायची, आकडा बॉलपेननं तळहातावर लिहायचा. वहीत पुरावा कशाला ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत तिची रोपं खुंटली. साध्या पाण्यावरचीही जवळजवळ खाऱ्यांइतकीच बुटकी राहिली. मला आनंद झाला. आज लाज वाटते, पण झाला होता.

सर वाकून बघत राहिले. "आने कोई अडके छे?" त्यांनी गुजरातीत विचारलं, कुणी हात लावतं का यांना? मग समजावून सांगितलं. देठ दाबला गेला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, आणि तेवढ्या इशाऱ्यावर रोप उंच व्हायचं सोडून जाड होऊ लागतं. वारा आहे की माणसाचा हात, ते त्याला कळत नाही.

"मी नाही लावत, सर," ती म्हणाली. मीही मान हलवली. दुपारी तिच्या डब्यातलं लोणचं घ्यायला मी हात पुढे केला, तेव्हा ती क्षणभर माझ्या तळहाताकडे बघत राहिली.

सोमवारी तिनं सरांपुढे नवा प्रयोग मांडला. रोज हात लावून बुटकी केलेली रोपं खाऱ्या पाण्यात जास्त तग धरतात का? सर तिथल्या तिथे हो म्हणाले, आणि जागा कुणाची ते मला कळलं. हात माझा आणि डोकं तिचं. मी जळून खाक झाले.

ती माझ्या टेबलाशी आली आणि कोरी वही ठेवली.

"तू लवकर येतेस ना? हात लावायचं काम तूच कर. त्यांना तुझ्या हाताची सवय आहे," ती म्हणाली. "आकडे मात्र यात लिही. तळहातावरचे मला नीट वाचता येत नाहीत गं."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.