वीज जायच्या आत

देवळाली प्रवऱ्याला आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा गल्लीत तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. नगरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून तो तयार करून दिला होता. राहुरीच्या पुढे रस्ता उखडलेला. मॉनिटर मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला बायको मागून म्हणत होती, "अहो, धरा नीट. ती तुमच्या शाळेची घंटा नाही."

मी शाळेत मराठी शिकवायचो. ती श्रीरामपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, रोज एसटीने जाऊन येऊन. कॉम्प्युटर मुळात तिच्या पीएचडीसाठी घेतला होता, पण मला प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या आणि त्यासाठीचे मराठी फॉन्ट विंडोजवर चालत. तिला पीएचडीसाठी मार्गदर्शन करणाऱ्या पुण्याच्या सरांचे प्रोग्राम मात्र लिनक्स या वेगळ्या सिस्टिमवर चालणारे. म्हणून तिने एकाच हार्ड डिस्कचे भाग पाडले आणि दोन्ही सिस्टिम बसवल्या. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर ते क्षणभर थांबायचं. काही केलं नाही तर विंडोज यायचं, तिने एक शब्द टाइप केला तर लिनक्स. सुरुवातीला मला त्या क्षणाची भीती वाटायची. चुकून तिच्या बाजूला गेलो तर परत कसं यायचं, हेच कळायचं नाही.

तिचा विषय होता माती. उन्हाळ्यात आपली काळी जमीन वरून भाजून निघते. ती उष्णता खाली किती खोल जाते, किती वेगाने जाते, जमिनीत ओल असेल तर काय फरक पडतो, हे ती शोधत होती. माझे सासरे, म्हणजे तिचे वडील, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनीच एका ओळखीच्या शेतात खड्डे घेऊन तिचे तापमापक पुरून दिले होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच सायकल मारत आमच्याकडे यायचे, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायचे आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायचे.

अडचण अशी होती की तिचा प्रोग्राम तासन्‌तास चालायचा. आमच्याकडे वीज सकाळी असायची आणि दुपारी जायची. यूपीएस होता, पण तो मशीन नीट बंद करण्यापुरताच टिकायचा. हिशोब संपत आला की वीज जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं किती वेळा झालं ते तिलाच माहीत.

आणि मशीन संथ होतं. नवंकोरं असून संथ. लिनक्समध्ये प्रोग्राम चालू असला की डिस्कची अखंड खरखर चालायची, एखादं अक्षर टाइप केलं तर ते बऱ्याच वेळाने उमटायचं. विंडोजमध्ये गेलं की तेच मशीन चपळ. नगरचा दुकानदार माणूस भला. तो मुद्दाम येऊन बघून गेला.

"मॅडम, हे दुसरं काढून टाका," तो म्हणाला. "एका मशीनवर दोन-दोन सिस्टिम म्हटल्यावर असंच होणार."

"विंडोजमध्ये हीच डिस्क चांगली चालते ना?" तिने विचारलं.

"चालते की."

"म्हणजे डिस्क चांगली आहे. बोर्डही चांगला आहे."

"हो."

"मग काय बिघडलंय ते कळायच्या आधीच काय म्हणून काढायचं?"

तो हसला, एक जादाची केबल ठेवून गेला. ती कामाला लागली.

तिची पद्धत बघण्यासारखी होती. एक मोठी फाईल ती एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायची आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ बघायची. मग एक बदल करायची आणि पुन्हा तीच फाईल. केबल बदलली. साउंड कार्ड काढून ठेवलं. आबांना खात्री होती की आत धूळ गेली आहे. "आपल्या कारखान्याच्या गावात कुठलं यंत्र धुळीबिगर ऱ्हातंय?" त्यांनी पेटी उघडून सायकलच्या पंपाने हवा मारली, एकेक पंखा पुसला. पेटी आरशासारखी स्वच्छ झाली आणि मशीन तितकंच संथ राहिलं. तिने तेही शांतपणे मोजलं.

मला धीर नव्हता. मी म्हणालो, "अगं, सगळं एकदम बदलून टाक ना."

"आणि बरं झालं तर कशाने झालं, ते कसं कळणार?" ती म्हणाली. "तुम्ही मुलांच्या अख्ख्या निबंधाखाली नुसतं 'चूक' असं लिहिता का?"



शेवटी तिला धागा सापडला तो मशीन सुरू होताना पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ओळींत. त्या मी कधी वाचल्याच नव्हत्या. कुणीच वाचत नसावं. तिने त्या थांबवून एकेक वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या बोर्डावरची डिस्क सांभाळणारी चिप लिनक्सला ओळखूच येत नव्हती. तिच्यासाठी ड्रायव्हर नव्हता.

"डायवर? त्यो कशाला लागतो?" आबांनी विचारलं.

"गाडीचा नाही, आबा. डिस्कशी कसं बोलायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम. तो नाही, म्हणून प्रोसेसर हिशोब सोडून डिस्कवरचं एकेक अक्षर स्वतः उचलून आणतोय."

आबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे केमिष्टानंच साखरंची पोती उचलायची, असं झालं की गं!"

"अगदी तसंच."

तो जादाचा भार प्रोसेसरवरून काढायला एक आज्ञा होती. ती सक्तीने देता येत होती, पण सोबतच्या माहितीत इशारा होता की ओळख नसलेल्या चिपवर असं केलं तर डिस्कवरचं सगळं जाऊ शकतं. एका रविवारी सकाळी ती माझ्यापाशी आली.

"तुमचे वार्षिक परीक्षेचे पेपरही त्याच डिस्कवर आहेत. करू का?"

"तुझं काम काय आहे त्यावर?"

"सगळंच."

"मग मला काय विचारतेस? तुला करायचंय ना?"

आम्ही दोघांनी बसून सगळं फ्लॉपींवर उतरवलं. मग तिने आज्ञा दिली. काही क्षण मशीन असं धावलं की आबा खुर्चीतून अर्धे उठले. मग पडद्यावर चुकांच्या ओळींवर ओळी कोसळायला लागल्या आणि सगळं थिजलं.

पुन्हा सुरू केल्यावर माझी बाजू जशीच्या तशी होती. तिच्या काही फायली मोडल्या होत्या. फ्लॉपींमुळे बहुतेक परत मिळाल्या, पण एक फ्लॉपीच खराब निघाली आणि तिच्यावरचे आकडे कायमचे गेले. मी चहा केला.  आबा तिच्या शेजारी बसून राहिले. कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "मी जबरदस्ती केली. ज्याला चिप ओळखताच येत नाही, त्याला हुकूम देऊन काय उपयोग? ओळखणाराच आणायला हवा."

दुसऱ्या कुणी तिथे हात टेकले असते. मी तर नक्कीच. ती पुढच्या सुट्टीला एसटीने पुण्याला गेली आणि सरांच्या विभागातून लिनक्सची नवी सीडी घेऊन आली. तिच्यात आमच्या चिपचा ड्रायव्हर होता, पण तो आयता बसत नव्हता. लिनक्सचा गाभाच नव्याने बांधावा लागणार होता. त्या प्रोग्रामच्या हजारो ओळी मशीनने स्वतः वाचायच्या आणि स्वतःला समजतील अशा रूपात आणायच्या. तेही त्याच संथ डिस्कवर.

सकाळी वीज होती तोवर तिने काम सुरू केलं. पडद्यावर फायलींची नावं सरकत होती. दुपारी काम अर्ध्यावर असताना वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला, तिने मशीन बंद केलं.

"मंग आता पुन्यांदा पैल्यापास्नं?" आबांनी विचारलं. त्यांचाच चेहरा तिच्यापेक्षा जास्त उतरला होता.

"बहुतेक."

दुसऱ्या दिवशी तिने तीच आज्ञा दिली. आदल्या दिवशीच्या फायलींना मशीनने हातही लावला नाही. त्या ओलांडून, थेट जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं.

ती ताडकन उठली. "अहो, इकडे या! बघा, झालेलं पुन्हा करत नाहीये ते!"

मी बघितलं. मला फक्त नावं सरकताना दिसली.

"मग माझाच प्रोग्राम का पहिल्यापासून करतो?" ती स्वतःशीच बोलत होती. "कारण मी त्याला दुसरं काही सांगितलंच नाही. कुठवर आलास ते अधूनमधून डिस्कवर ठेव, एवढं सांगायला हवं होतं." हे बोलताना ती इतकी खूश होती की हरवलेल्या आकड्यांचं दुःख त्या सकाळी तरी तिच्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं.

गाभा बांधून झाला. जुना तिने पुसला नाही, अडलं तर त्यावरून मशीन सुरू करता यावं म्हणून बाजूला ठेवला. मग नव्यावरून सुरू केलं. ओळी सरकल्या आणि एका ओळीत आमच्या चिपचं नाव आलं. तिने ती मोठी फाईल उतरवली, घड्याळ बघितलं, विश्वास बसेना म्हणून घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही बघा." मी बघितलं. फाईल उतरून झाली होती आणि मी अजून काटा शोधत होतो. खरखर थांबली होती. पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता.

त्या दिवशी तिचा हिशोब वीज जायच्या बराच आधी पूर्ण झाला. आम्ही जेवायला बसलो तरी वीज होती.

पुढच्या काही दिवसांत तिने प्रोग्रामही सुधारला. त्याची परीक्षा घ्यायचा मान आबांनी मागून घेतला. त्यांनी आधीच यूपीएस बाजूला काढून मशीनची पिन थेट भिंतीत लावून घेतली. हिशोब ऐन रंगात असताना ते उठले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा. आबांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं, स्विच वर केला. तिने आपला शब्द टाइप करून लिनक्स सुरू केलं. मशीनने आधी डिस्क तपासून घेतली, मग प्रोग्राम पुन्हा चालू झाला आणि जिथे सुटला होता त्याच्या जरासं मागून पुढे निघाला.

"लई भारी केलंस, पोरी," आबा म्हणाले. आयुष्यभर मोठमोठी यंत्रं दुरुस्त केलेला तो माणूस. त्यांच्या तोंडून हे शब्द सहजासहजी निघत नसत.

तिच्या पीएचडीच्या अंतिम तोंडी परीक्षेला मी आणि आबा पुण्याला गेलो होतो. मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मातीबद्दल खूप खोदून विचारलं. ओल, तापमान, खोली, खड्डे कुठे घेतले, तेच का घेतले. ती न अडखळता, जिथे माहीत नव्हतं तिथे "हे मला अजून माहीत नाही" असं स्पष्ट सांगत, सगळ्याला उत्तरं देत गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा आबांनी टोपी काढून डोळे पुसले.

बाहेर आल्यावर ते थोडे नाराज दिसले. "त्या डिस्कचं तर कुनी इचारलंच न्हाई. तू येवढी झटलीस, ते ह्यास्नी ठाऊक तरी हाय का?"

"नाही विचारत, आबा," ती हसून म्हणाली. "तिथे मातीचंच बोलायचं असतं."

"आसंल," आबा म्हणाले. मग स्टँडवर नगरची गाडी लागेपर्यंत, शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी चिप, ड्रायव्हर, पोती उचलणारा केमिस्ट हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो माणूस मन लावून ऐकत होता. ती माझ्याकडे बघून लाजत होती, पण तिने आबांना थांबवलं नाही.